विश्वास ऐकण्याने येतो म्हणजे नेमकं काय?

पानगळ

आईची दृष्टी आता इतकी अधू झाली आहे की मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्रही तिला वाचता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी तिला एक अध्याय वाचून दाखवते. खरं सांगायचं तर सुरुवातीला ते काम मी तिच्या औषधांच्या वेळा सांभाळण्यासारखंच धरलं होतं. मला त्यातून काही मिळेल असं डोक्यातही नव्हतं. संडे स्कूलपासून वाचलंय, अख्खं शास्त्र दोनदा संपवलंय, खुणा करून झाल्यात.

मग उत्पत्ती 22 आला. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला घेऊन डोंगराकडे निघतो तो अध्याय. "तुझा पुत्र, तुझा एकुलता एक", असं करत करत नाव शेवटी येतं. मनात वाचताना डोळा आधीच नावावर जाऊन बसलेला असतो. मोठ्याने वाचताना नावापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात समोरच्या माणसाचा श्वास ऐकू येतो.

त्याच्याही पुढे सहाव्या वचनात "ते दोघे बरोबर चालले" आहे. मग मुलगा विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठंय? बाप म्हणतो, देव पाहून देईल. आणि आठव्या वचनाच्या शेवटी पुन्हा तेच, "ते दोघे बरोबर चालले." शब्द तेच. मी इतक्या वर्षांत हे दोनदा आहे हे पाहिलंच नव्हतं, डोळ्याने पुनरुक्ती म्हणून सोडून दिलं होतं. त्या दिवशी दुसऱ्यांदा ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला पुढे वाचता येईना. पहिल्यांदा मुलाला काही माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा बहुधा त्याला कळलं होतं, आणि तरी तो बापाबरोबर चालत होता. आई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "थांब जरा, घाई नाही."

तेव्हापासून रोमकरांस पत्र 10:17 डोक्यात फिरतंय: "ह्याप्रमाणे विश्वास वार्तेने व वार्ता ख्रिस्ताच्या वचनाच्या द्वारे होते." काही भाषांतरांत "वार्तेने"च्या जागी "ऐकण्याने" आहे. प्रश्न असा, की हे पत्र लिहिणारा पौल कानाबद्दल बोलतोय की संदेशाबद्दल? घरोघरी छापील शास्त्र असताना ऐकण्याला वेगळं काही स्थान उरतं का? की मला जे झालं ते निव्वळ सावकाश वाचल्यामुळे झालं?

करकोचा

छान धागा. सेमिनरीत ग्रीकच्या तासाला या एका वचनावर आमचा अख्खा आठवडा गेला होता, त्यामुळे हात शिवशिवतायत.

मूळ शब्द आहे "अकोए". त्याचा अर्थ ऐकण्याची क्रिया असाही होतो आणि ऐकलेली गोष्ट, म्हणजे वार्ता, असाही. पौलाने आदल्याच वचनात यशया 53:1 घेतलंय, "आमच्या वार्तेवर कोणी विश्वास ठेवला?" तिथेही हाच शब्द. म्हणून "वार्तेने" हे भाषांतर बरोबरच आहे. पण मराठीत त्यातला कान हरवतो, आणि "ऐकण्याने" केलं की निरोप हरवतो. ग्रीकमध्ये दोन्ही एकाच शब्दात बसतात.

गंमत पुढे आहे. आज्ञापालनाला ग्रीक शब्द "हुपाकोए", म्हणजे त्याच "अकोए"ला उपसर्ग लागलेला. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात (1:5) आणि शेवटच्या अध्यायात (16:26) पौल विश्वासाच्या आज्ञापालनाबद्दल बोलतो, त्या दोन्ही ठिकाणी हाच शब्द. हिब्रूतही तसंच. अनुवाद या पुस्तकातल्या 6:4 मधलं "हे इस्राएला, श्रवण कर" यातलं "शमा" म्हणजे ऐक आणि मान, दोन्ही.

आणि हे समजायला आपल्याला ग्रीक-हिब्रू कशाला हवं? आई म्हणते "हा मुलगा माझं ऐकतच नाही", तेव्हा मुलाच्या कानात दोष आहे असं कोणी समजत नाही.

चिमटा

शेवटचं वाक्य माझ्या आईला दाखवू नका. तिला आता ग्रीकचा आधार मिळेल.

पोटमाळा

मी आमच्या चर्चमध्ये बरीच वर्षं मिस्सात (कॅथलिक उपासनेत) वाचक म्हणून उभा राहतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

"घरोघरी छापील शास्त्र" ही परिस्थिती ख्रिस्ती इतिहासात फार उशिराची आहे. बहुतेक शतकं बहुतेक विश्वासी माणसांनी शास्त्र वाचलेलं नाही, ऐकलेलं आहे. खुद्द रोमकरांस पत्र घ्या. पौलाने सांगितलं, तर्तियुसने लिहून घेतलं, आणि फीबीने ते रोमला नेलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे जमलेल्यांपैकी किती जणांना वाचता येत असेल? एकाने उभं राहून वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं. अख्खं पत्र मोठ्याने वाचायला साधारण तासभर लागतो. म्हणजे "विश्वास ऐकण्याने" हे वाक्यच मुळात त्यांनी ऐकलं होतं! प्रकटीकरण 1:3 मध्ये वाचून दाखवणारा एकवचनी आहे आणि ऐकणारे अनेकवचनी, तेही याचमुळे.

इ.स. 155 च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जात, मग अध्यक्ष त्यावर बोध करी. "वेळ असेल तोवर" हे मला फार आवडतं. आमच्याकडे वाचन दोन मिनिटं लांबलं की घड्याळाकडे माना वळतात.

बेनेडिक्टची सहाव्या शतकातली मठाची नियमावली सुरूच होते ती "ऐक" या शब्दाने. तिच्या 38 व्या प्रकरणात जेवणाच्या वेळी वाचणाऱ्याचा नियम आहे. आठवडाभर एकच वाचक, आणि त्याच्या आवाजाखेरीज तिथे कुजबुजसुद्धा ऐकू येता कामा नये. जो हाताशी येईल त्याने पुस्तक उचलून वाचायचं नाही, ऐकणाऱ्यांना ज्याच्या वाचनाने लाभ होईल त्यानेच वाचायचं.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात तर सरळ म्हटलं, की चर्चमध्ये शास्त्र वाचलं जातं तेव्हा ख्रिस्त स्वतः बोलतो. हे वाचल्यापासून मी शनिवारी रात्री घरी तीनदा मोठ्याने वाचल्याशिवाय रविवारी उभा राहत नाही. ख्रिस्ताला अडखळायला लावायचं म्हणजे जरा जास्तच.

आडवाट

विरोधी सूर लावतो, रागावू नका.

मी पाळकाच्या घरात वाढलो. रविवारी दोन उपासना, बुधवारी प्रार्थनासभा, रोज सकाळ-संध्याकाळ कौटुंबिक वाचन. वीस वर्षं ऐकलं. ऐकून ऐकून वाक्य सुरू झालं की शेवट तोंडात यायचा. विश्वास? तो काही आला नाही. उलट इतकं ऐकल्यामुळेच त्या शब्दांना मला काही करता येईनासं झालं, असं वाटतं. रेल्वेलाइनच्या कडेला राहणाऱ्याला गाडी ऐकू येत नाही, तसं.

तेव्हा "ऐकण्याने विश्वास येतो" हा काही नियम नाही. असता, तर मी आज या धाग्यावर उपदेश करत असतो.

करकोचा

आडवाट, रागावण्यासारखं काही नाही, कारण शास्त्रच तुमच्या बाजूने साक्ष देतं. इब्री 4:2 वाचा: वचन ऐकलं, पण ऐकणाऱ्यांचा त्या वचनाशी विश्वासाने मेळ बसला नाही, म्हणून लाभ झाला नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मार्क 4) चारही जमिनींवर बी पडतं. वाटेवरचा ऐकतो, खडकाळ जमिनीवरचाही ऐकतो, काटेरी झाडांतलाही ऐकतो. न ऐकणारा त्या दाखल्यात कोणीच नाही. आणि लूकच्या शुभवर्तमानात त्याच दाखल्यानंतर येशू बजावतो, तुम्ही *कसे* ऐकता ह्याकडे लक्ष द्या (8:18). पौलसुद्धा ऐकलं की विश्वास येतोच, असं म्हणत नाही. 17 व्या वचनाच्या आधी 16 वं आहे, सर्वांनी सुवार्ता मानली नाही.

चिमटा

आणि रेल्वेलाइनवाल्याला एखाद्या रात्री गाडी आली नाही तर जाग येते म्हणतात.

आडवाट

चिमटा, हे लागलं. विचार करतो.

सुईदोरा

मी सहसा फक्त वाचते, पण या विषयावर बोलायलाच हवं.

माझी धाकटी बहीण जन्मतः बहिरी आहे. लहानपणी आम्ही ज्या मंडळीत जायचो तिथे एका वडीलधाऱ्या माणसाने आईला हेच वचन ऐकवलं होतं. "विश्वास ऐकण्याने होतो, आता हिचं कसं होणार?" दयेपोटीच म्हणाले असतील. आई घरी येऊन रात्रभर रडली. बहिणीला ते कळलं नाही, मला कळलं, आणि रोमकर 10 वर माझा राग कितीतरी वर्षं होता.

म्हणून विचारते, कानाचं हे जे कौतुक चाललंय त्यात तिची जागा कुठे?

पानगळ

सुईदोरा, मी धागा काढताना हा विचारच केला नव्हता. माफ करा.

करकोचा

सुईदोरा, त्या गृहस्थांनी 17 व्या वचनाला पुस्तक मिटलं, हे दुर्दैव. 18 वं वाचलं असतं तर तुमच्या आईला तसं बोलले नसते.

पौल लगेच विचारतो, त्यांनी ऐकलं नाही काय? हो, ऐकलं! आणि पुरावा म्हणून तो स्तोत्र 19 मधली ओळ देतो, त्यांचा नाद सर्व पृथ्वीवर पसरला आहे. कोणाचा नाद? त्या स्तोत्रात बोलणारं आहे आकाश. आणि त्या ओळीच्या अगदी आदलं वचन काय म्हणतं? वाचा नाही, शब्द नाहीत, त्यांची वाणी ऐकू येत नाही. म्हणजे "विश्वास ऐकण्याने" म्हटल्याच्या पुढच्याच श्वासात पौलाने दाखला दिला तो आवाज नसलेल्या बोलण्याचा. ते स्तोत्र त्याला तोंडपाठ असणार, आदली ओळ तो विसरला असेल असं मला वाटत नाही.

"ऐकणं" म्हणजे माझ्या बाहेरून कोणीतरी मला उद्देशून काही सांगतंय आणि मी ते स्वीकारतोय. ते हवेतून कानात आलं की हातांच्या खुणांतून डोळ्यात, हा मार्गाचा प्रश्न.

सुईदोरा

हे मला आजपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. आईला आज सांगणार.

मी माझ्याकडचंही एक सांगते. मार्क 7 मध्ये येशूकडे एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला आणतात. आम्ही ते "एप्फथा", म्हणजे मोकळा हो, या शब्दासाठी लक्षात ठेवतो. पण माझ्या बहिणीने एकदा तो उतारा खुणांच्या भाषेत पाहिला आणि मला म्हणाली (खुणांनीच), शब्दाच्या आधी बघ. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो. त्याच्या कानात बोटं घालतो. थुंकून जिभेला हात लावतो. वर आकाशाकडे बघतो. उसासा टाकतो, म्हणजे छाती वरखाली होताना दिसते. "तो त्या माणसाशी आमच्या भाषेत बोलला. मग तुमच्या भाषेत." हे तिचे शब्द.

अमेरिकी खुणांच्या भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्र 2020 साली पूर्ण झालं. पुस्तक नव्हे, चित्रफिती. तिला ती भाषा येत नाही, तरी पहिल्याच दिवशी तिने त्यातले तुकडे शोधून पाहिले. कळत नव्हतं, नुसते हात बघत बसली होती.

पोटमाळा

सुईदोरा, पुढच्या वेळी हा उतारा माझ्या वाट्याला आला तर "उसासा टाकून" या शब्दांपाशी मी थांबणार आहे. आजवर ते घाईत उरकत आलोय.

खिडकी

मला एक व्यावहारिक शंका आहे. मी फोनवर ध्वनिमुद्रित शास्त्र ऐकते, घरकाम करताना, कधी चालताना. संपूर्ण शास्त्र सत्तर-पंचाहत्तर तासांत होतं, रोज वीस मिनिटं धरली तर वर्षाच्या आत. वेग दीडपट करते. मार्कचं शुभवर्तमान तर एका लांब फेरफटक्यात संपतं. हे ऐकणं की नुसतं कानावर पडणं? आमच्या पाळकांना पटत नाही. म्हणतात, वचनाची पार्श्वसंगीताशी बरोबरी करू नका.

आडवाट

मी वीस वर्षं जे केलं तेच हे, फक्त दीडपट वेगाने.

पोटमाळा

मी मध्यममार्गी. मार्क एका दमात ऐकणं ही उत्तम कल्पना आहे. त्याच्या ग्रीकमध्ये "लागलाच, तत्काळ" अशा अर्थाचा शब्द चाळीसच्या आसपास वेळा येतो. रोज दहा वचनं वाचणाऱ्याला ती धावपळ कळत नाही, सलग ऐकणाऱ्याला धाप लागते. पण दीडपट वेग नको. उत्पत्ती 22 दीडपट वेगाने ऐकलं तर पानगळ यांच्या आईचं "थांब जरा" कुठे बसवणार?

आणि कामात अर्धं लक्ष असलं तरी काही फार बिघडत नाही, असं माझं मत. प्रेषितांची कृत्ये 8 मधला हबशी षंढ रथात बसून यशया मोठ्याने वाचत होता. फिलिप्प या सुवार्तिकाला ते धावताना *ऐकू आलं*, म्हणून तर त्याने विचारलं, वाचता ते समजतं का? त्याने मनात वाचलं असतं तर फिलिप्प रथाच्या कडेने नुसताच धावत राहिला असता.

करकोचा

त्याच्यावरून आठवलं. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन लिहितो की मिलानचा बिशप अँब्रोज मनात वाचायचा, डोळे पानावरून फिरत पण आवाज नाही, आणि याचं त्याला नवल वाटलं. त्यावरून "प्राचीन काळी कोणी मनात वाचतच नव्हतं" असं सरसकट म्हणतात ते ताणलेलं आहे. पण मोठ्याने वाचणं ही सर्वसाधारण रीत होती, एवढं नक्की. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्दांमध्ये मोकळी जागाच नसते, अक्षरांची सलग माळ. तोंडाने म्हटलं की शब्द आपोआप सुटे होतात.

चिमटा

पण ऑगस्टिनचं परिवर्तन झालं तेव्हा, 386 साली मिलानच्या बागेत, त्याला लहान मुलाचा आवाज ऐकू आला तो काय म्हणत होता? "घे, वाच." वाचनवाल्यांचा एक गुण!

पोटमाळा

अर्धा गुण. आवाज आधी *ऐकू* आला. शिवाय त्याच दिवशी त्याला अंतोनी या संन्याशाची गोष्ट कोणीतरी सांगितली होती. अंतोनी चर्चमध्ये शिरला तेव्हा "तुझं असेल नसेल ते विकून गरिबांना दे" हे वचन वाचलं जात होतं, आणि त्याने ते आपल्यालाच सांगितलंय असं धरून खरंच तसं केलं. म्हणजे एकाने वाचलेलं दुसऱ्याने ऐकलं, त्याची गोष्ट तिसऱ्याने ऐकली, मग तिसऱ्याने पुस्तक उघडलं. उघडलं ते रोमकरांस पत्र.

खिडकी

वेग आजपासून एकपट. पाळकांना सांगू नका.

आडवाट

पुन्हा आलो.

चिमट्याच्या रेल्वेवरून विचार करत होतो. इंग्रज उपदेशक स्पर्जनच्या लहानपणाची गोष्ट घरी शंभरदा ऐकलेली: 1850 चा जानेवारी, बर्फाचं वादळ, पंधरा वर्षांचा मुलगा भलत्याच चॅपेलमध्ये शिरतो, नेमलेला उपदेशक आलेलाच नाही, कोणीतरी साधा माणूस उभा राहतो आणि यशया 45:22 मधलं "माझ्याकडे वळा" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, कारण त्याच्याकडे त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नसतं. मला नेहमी वाटायचं, हा मुलगाही पाळकाच्या घरातला, त्यानेही हे वचन आधी ऐकलंच असणार. मग त्याच दिवशी काय वेगळं झालं?

गोष्टीत पुढे तो माणूस थेट त्या मुलाकडे बघून बोलतो, तू फार दुःखी दिसतोस म्हणून. मला घरी कोणी तसं बघून वाचून दाखवलं नाही. कुटुंबासाठी वाचलं, मंडळीसाठी वाचलं. तक्रार नाही, नोंद आहे. पानगळ यांची पोस्ट मी परत वाचली. त्यात मला अध्यायापेक्षा जास्त हे लागलं, की ऐकणारी एकच आहे.

म्हणून एक विचित्र विनंती. माझा एक जुना मित्र अजून विश्वासात आहे. त्याला फोन करून मार्क 4 वाचून दाखव म्हणणार आहे. उपदेश नको, फक्त वाच. हसेल बहुतेक.

सुईदोरा

आडवाट, हसला तर हसू द्या. फोन ठेवू नका.

पानगळ

सगळ्यांचे आभार. करकोचांचं 18 वं वचन मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग? मला काय दिसतंय का, तरी मी बघतेच ना." यावर काय बोलणार.

इथवर आलेच आहे तर सांगते. वंशावळ्या आल्या की मी दोन-चार नावं गाळायचे, कोणाला कळतंय म्हणून. एकदा तिने पकडलं. "नावं खाऊ नकोस. त्यांना हाक मारायला दुसरं कोण आहे आता?" त्या दिवसापासून एकही गाळत नाही.

आज नहेम्या 8 आहे. लोक पाणीवेशीपुढच्या चौकात जमतात, शास्त्री एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी (मंदिराचे सेवक) अर्थ समजावून देतात, आणि लोक ऐकता ऐकता रडायला लागतात. त्यात चौथ्या वचनात एज्राच्या उजवीकडे सहा आणि डावीकडे सात माणसं उभी आहेत, तेरा नावं. पोटमाळांचं ऐकून दुपारपासून मोठ्याने म्हणून बघतेय. उजवीकडची जमली. मत्तिथ्या झाल्यावर "शमा" म्हटलं आणि करकोचांच्या प्रतिसादाची आठवण झाली, माणसाचं नावच "ऐक". डावीकडच्या हश्बद्दानाला मात्र जीभ अजून वळत नाहीये, आणि आतून आई विचारतेय की एवढ्या वेळ कोणाला हाका मारतेयस.